बिराजदार मॅडम पेपर वाचतात

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात प्रयोगशाळेच्या मागे एक स्टोअररूम होती. तिला एकच खिडकी, आणि तीही कधीतरी रंगकाम करताना रंगाने चिकटून बसलेली, पुन्हा कधी न उघडलेली. ॲसिडच्या बाटल्या, फुटके ब्युरेट, जुन्या जर्नलांचे गठ्ठे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक लोखंडी टेबल. प्राध्यापकांना बसायला पंख्याची चांगली खोली होती. पण डॉ. नीलांबिका बिराजदार, म्हणजे आमच्या बिराजदार मॅडम, दुपारचे तास संपले की या स्टोअररूममध्ये येऊन बसायच्या. बरोबर प्रिंट काढलेले पंधरा-वीस कागद असायचे. कागद टेबलावर ठेवायच्या आणि हातातलं पेन महादेवमामांकडे देऊन टाकायच्या.

महादेवमामा आमचे लॅब अटेंडंट. ते पेन खिशाला लावून दाराबाहेर स्टुलावर बसायचे आणि येणाऱ्याला सांगायचे, "मॅडमचं पेन माझ्याकडं हाय. म्हंजे आता आत जायाचं न्हाय."

मी तेव्हा नुकतीच तासिका तत्त्वावर लागले होते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढीच नोकरी, आणि दर जूनला नव्याने मुलाखत. कुणाचं काय चाललंय हे विचारायची माझी हिंमत नसायची. तरी एकदा मी मॅडमना विचारलं, की पेन बाहेर का देता.

"रिव्ह्यूला पेपर आलाय. पहिल्यांदा वाचायलेय," त्या म्हणाल्या. "हातात पेन असलं की माणूस वाचत नाही, चुका काढत बसतो. आधी समोरचा काय म्हणतोय ते तर ऐकून घ्यावं की."

कुणी संशोधन करून पेपर लिहिला की तो जर्नलकडे जातो, आणि छापायच्या आधी एडिटर तो त्या विषयातल्या दोघा-तिघांना वाचायला देतो. काम नीट झालंय का, दावा खरा आहे का, हे त्यांनी सांगायचं. या कामाचं कुणी काही देत नाही, बहुतेक ठिकाणी नावही गुप्त राहतं. आमच्याकडे म्हणूनच हे काम लोक टाळायचे किंवा उरकायचे. मॅडम मात्र एक पेपर तीनदा वाचायच्या. दुसऱ्या वाचनाला पेन परत घ्यायच्या आणि पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहायच्या: यांनी काय विचारलं, काय केलं, काय सापडलं, आणि त्यावरून काय म्हणतायत. "तिसरी ओळ नि चौथी ओळ एकमेकींना धरून आहेत का, एवढंच बघायचं असतं," असं त्या म्हणायच्या. "बाकीचं सगळं त्यातनंच निघतं." काम संपलं की ती प्रिंट बादलीत भिजत घालायच्या, लगदा होईपर्यंत. दुसऱ्याचा न छापलेला पेपर रद्दीत जाता कामा नये, म्हणून.

मॅडम मूळच्या दुधनीच्या. वडिलांची आडत होती, घरची भाषा कन्नड. मराठी शाळेत शिकल्या आणि सोलापुरात लग्न करून आल्या. अंगावर सुती साडी, तिच्यावर पांढरा एप्रन, कपाळाला विभूती. एप्रनच्या खिशात विभूतीची डबी आणि स्पॅच्युला एकत्रच असायचे. यजमान कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, ते रविवारचे यायचे. घरी सासूबाई, ज्यांना त्या अत्ती म्हणायच्या. अत्तींना विस्मरण झालं होतं. त्यांना सांभाळणारी बाई पाचला निघून जायची, म्हणून मॅडम पावणेपाचला कॉलेजातून निघायच्याच. घरी पोचल्या की अत्ती रोज विचारायच्या, "नी यार?" म्हणजे तू कोण. मॅडम रोज आपलं नाव सांगायच्या, कुणाची सून ते सांगायच्या, आणि मग चहा ठेवायच्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्यांची निवड झाली होती, हे मला मामांकडून कळलं. मी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अत्तींना नवं घर कळलं नसतं." आणि बोलणं बदललं.

माझा पहिला पेपर जर्नलकडून परत आला तो दिवस मला आठवतो. रिव्ह्यूअरने लिहिलं होतं, 'लेखिकेने आधी विज्ञान शिकावे, मग लिहावे.' मी ते फोनवर वाचलं आणि स्टोअररूममध्ये जाऊन गठ्ठ्यांवर बसून रडले. मॅडमनी फोन मागून घेतला आणि सावकाश वाचला.

"पहिलं वाक्य त्याच्या स्वभावाचं आहे. ते सोड," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात तो म्हणतोय, तू एकदाच मोजलंस. एकदाच मोजलंस का?"

"हो."

"मग ते खरं आहे. रडून झालं की तीनदा मोज."

थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माणूस असं का लिहितो माहितीय का, वैशाली? त्याला समोर कोण दिसत नाही."

पुढे त्यांच्याकडे एक पेपर आला तेव्हा त्यांनी एडिटरला पत्र लिहून परवानगी घेतली, की माझी एक सहकारी हा पेपर माझ्याबरोबर वाचेल आणि तिचंही नाव तुमच्या नोंदीत असावं. दुसऱ्याकडून रिव्ह्यू लिहून घेऊन खाली स्वतःचं नाव घालणारे मी पाहिले होते. मला हे नवीन होतं. मी दोन दिवस बसून रिव्ह्यू लिहिला. भाषा सदोष आहे, पद्धत अपुरी आहे, निष्कर्ष पटत नाहीत. चांगला झणझणीत झाला होता.

मॅडमनी मामांचं स्टूल आत मागवलं आणि टेबलासमोर ठेवलं. "हितं लेखक बसलाय. त्याला वाचून दाखव."

मी रिकाम्या स्टुलाकडे बघत वाचायला लागले. दुसऱ्या ओळीलाच माझा आवाज खाली गेला.

"आता तो विचारतोय, कुठली पद्धत अपुरी? सांग त्याला."

मला सांगता येईना.

"तुलाच माहीत नाही, तर त्यानं दुरुस्त काय करायचं?"

मी पुन्हा लिहिलं. या वेळी नेमकं लिहिलं, की दुसऱ्या तक्त्यातले आकडे किती वेळा मोजले ते कुठे दिलेलं नाही, ते द्यावं. शिवाय एका महागड्या मशीनवर नमुने तपासून आणावेत, असंही लिहिलं. मॅडमनी ती ओळ खोडली.

"पत्ता बघ त्यांचा. तालुक्याचं कॉलेज आहे. हे मशीन आपल्याकडं नाही, त्यांच्याकडं कुठलं असायला?"

"पण मॅडम, त्याशिवाय ते सिद्ध कसं होणार?"

"नाही होणार. मग तेवढं म्हणू नका म्हणावं. दावा लहान करायला मशीन लागत नाही."

त्या पेपरात शेवटी संख्याशास्त्राचा एक भाग होता. त्याबद्दल मॅडमनी एडिटरला सरळ लिहिलं, की ही पद्धत मला कळत नाही, त्यासाठी जाणकाराला विचारावं. मला ते वाचून कसंतरीच झालं. म्हटलं, असं लिहायचं असतं का? त्या म्हणाल्या, "मग कळतंय म्हणून लिहू का?"

आमचे प्राचार्यही केमिस्ट्रीचेच. मॅडमच्या पीएचडीचे मार्गदर्शक तेच होते. एकदा स्टाफरूममध्ये ते कौतुकाने सांगत होते, की आता रिव्ह्यूला पेपर आला की ते तो मोबाईलमधल्या एआयला देतात, चहा येईपर्यंत रिव्ह्यू तयार. सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "सर, तो पेपर अजून छापलेला नाही. त्यांनी तुमच्याकडं विश्वासानं दिला. तुम्ही तो पुढं कुणाला दिलात?"

"कुणाला म्हणजे? मशीनला."

"मग मशीनचं नाव कळवा की एडिटरला."

प्राचार्यही हसले. पण पुढच्या टाइमटेबलात मॅडमना सकाळचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास लागला. शेवटचा तास पाचला संपायचा. त्यांनी तक्रार केली नाही. सांभाळणाऱ्या बाईला रोज अर्धा तास थांबायची विनंती केली, आणि त्या बदल्यात रविवारी तिच्या मुलीला गणित शिकवायला लागल्या.

मुख्य गोष्ट घडली ती एका एप्रिलमध्ये. सोलापूरचा एप्रिल, त्यात ती बंद खिडकीची खोली. त्याच वर्षी जुलैत मॅडमची प्रोफेसरपदासाठी मुलाखत होती. ती इतकी वर्षं कुठल्या ना कुठल्या कागदावरून अडली होती आणि निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. त्यांचं नाव बाहेर माहीत होतं ते एका जुन्या पेपरमुळे. ज्वारीच्या कडब्याचा कोळसा करून त्याने रंगाचं पाणी स्वच्छ करता येतं, असं त्यात दाखवलं होतं. चादरी-टॉवेलांच्या या गावात, जिथे सूत रंगवणाऱ्या डायहाउसच्या मागे नाला रोज वेगळ्या रंगाचा असतो, तिथे ही मोठी गोष्ट होती. पेपरचं पहिलं पान फ्रेम करून कॉरिडॉरमध्ये लावलं होतं, मॅडमचं आणि प्राचार्यांचं नाव एकाखाली एक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या व्यंकटेशअण्णांनी तर त्या पेपरबद्दल ऐकून आपल्या डायहाउसमध्ये कडब्याच्या कोळशाची टाकीच बांधली होती.

एका दुपारी मॅडमनी नेहमीसारखं पेन मामांना दिलं आणि आत गेल्या. शेवटचा तास त्या दिवशी नव्हता, तरी पावणेपाच होऊन गेले आणि त्या बाहेर आल्या नाहीत. मामांनी दार वाजवलं. त्या आल्या, पर्स घेतली आणि पेन परत न घेताच जिना उतरून गेल्या. मामा खिशातल्या पेनकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्या शेतात कडबा असेल ना? एक पेंढी आण."

"कशाला, मॅडम?"

"जुना प्रयोग परत करायचाय."

"का?"

"ते विचारू नको."

मी मोहोळकडच्या आमच्या गावाहून स्कूटीला बांधून पेंढी आणली. कडबा तोडला, भट्टीत भाजला, कुटला, चाळला. मामा घाम पुसत म्हणाले, "मॅडम, ह्ये तर झालेलं काम हाय. पुन्यांदा कशापायी?"

"तेव्हा एक गोष्ट करायची राहिली होती, मामा."

प्रयोग सोपा होता. निळ्या रंगाच्या पाण्यात कोळशाची पूड घालून ढवळायचं, मग ते फिल्टर पेपरमधून गाळायचं, आणि खाली आलेलं पाणी किती फिकं झालं ते यंत्रावर मोजायचं. जेवढा रंग कमी झाला तेवढा कोळशाने ओढून घेतला, असं धरायचं. आम्ही तो सगळा केला. निकाल जुन्या पेपरसारखाच आला. मला हायसं वाटलं.

मग मॅडमनी नवा फिल्टर पेपर घेतला, घडी घातली, फनेलमध्ये बसवला आणि त्यात नुसतं निळं पाणी ओतलं. कोळसा नाही, काही नाही.

आम्ही तिघंही बघत उभे होतो. कागद हळूहळू निळा होत गेला, कडेपर्यंत. खाली फ्लास्कमध्ये जे पाणी थेंब थेंब पडत होतं ते वरच्यापेक्षा कितीतरी फिकं होतं. रंग कागदानेच ओढून घेतला होता. इतकी वर्षं जे कोळशाचं म्हटलं जात होतं, त्यातला मोठा वाटा फिल्टर पेपरचा होता.

मी म्हटलं, "मॅडम, हे तर किती साधं आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "साधंच आहे."

त्यांनी ते सगळं आणखी दोनदा केलं, आकडे वहीत उतरवले, खाली सही केली. मग एप्रन काढून खुंटीला लावला.

त्यानंतर तीन आठवडे मॅडम कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. मी दारातून बघायचे. तीच प्रिंट समोर, त्या लिहायच्या, फाडायच्या, बादलीत टाकायच्या. वरचा पंखा बंद होता आणि तो दुरुस्त करून घ्या म्हटलं तर 'नको' म्हणाल्या. मला वाटायचं, मॅडम जुन्या चुकीमुळे इतक्या खचल्यात. त्याहून जास्त काही आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांच्याजवळ मोकळं व्हावं असं त्यांना कुणी नव्हतंच. यजमानांना हा विषय कळायचा नाही, प्राचार्यांना सांगायची सोय नव्हती, आणि अत्तींना तर रोज स्वतःचं नाव सांगण्यापासून सुरुवात होती.

मेच्या शेवटी त्यांनी ती प्रिंट भिजत घातली. म्हणजे रिव्ह्यू गेला होता. त्याच आठवड्यात त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. मी टाइमटेबलावर सही घ्यायला तिथेच उभी होते. मॅडमनी वही टेबलावर ठेवली, आपला जुना निकाल चुकला आहे हे दोन वाक्यांत सांगितलं, आणि जर्नलला दुरुस्ती पाठवण्याच्या पत्रावर दुसरे लेखक म्हणून त्यांची सही मागितली.

प्राचार्यांनी वही बंद केली. "मॅडम, मुलाखत जुलैत आहे. नॅकची कमिटी दिवाळीनंतर. सगळं होऊ द्या, मग शांतपणे बघू."

"चूक आता कळलीय, सर."

"इतक्या वर्षांनी तो पेपर कोण वाचतंय?"

"एका जणानं वाचला तरी पुरे की, सर."

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचाय तर घ्या," प्राचार्य म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थकल्यासारखा होता. "पण माझाही पाय तिथंच आहे. मी सही करणार नाही."

मॅडम वही घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "चल, रिक्षा बघ. अण्णांकडं जाऊ."

व्यंकटेशअण्णांच्या डायहाउसमध्ये वाफेत उभं राहून मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. अण्णा ऐकून हसले. "मॅडम, पाणी तर पांढरंच येतंय की. बगा चला."

टाकीतून येणारं पाणी खरोखर बरंच स्वच्छ होतं. मॅडमनी टाकीच्या तोंडाशी हात घातला. तिथे कोळशाची पूड वाहून जाऊ नये म्हणून अण्णांनी सुती चिंध्यांचा जाड बोळा बसवला होता. बोळा गडद निळा झाला होता.

"हा कधी बदलता?"

"दर आठवड्याला. पाणी जाईना झालं की."

"आणि जुना कुठं टाकता?"

अण्णांनी मागच्या नाल्याकडे हात केला. हात केल्यावर तो तसाच राहिला थोडा वेळ. मग म्हणाले, "म्हंजे रंग कुटं गेलाच न्हाय. नुस्ता फिरून गेला."

"चूक माझी आहे, अण्णा. तुमची नाही."

"तुमी सांगितलं म्हणून टाकी बांदली, मॅडम. तपासणीवाले आले की तुमचा पेपर दाखवतो मी. आता काय दाखवू?"

मॅडमनी तिथेच कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पत्र लिहून दिलं, की ही पद्धत माझ्या संशोधनावरून बसवली होती, ते संशोधन चुकीचं ठरलं आहे, यात कारखान्याचा दोष नाही. खाली नाव, पद, सही. अण्णांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. चहा विचारला नाही. त्यानंतर त्यांनी मॅडमचा फोन घेतला नाही. टाकी वर्षभर तशीच चालू होती, आणि पुढे त्यांनी आपलं पाणी एमआयडीसीच्या मोठ्या शुद्धीकरणाच्या लाइनला जोडलं, असं मी ऐकलं.

जुलैत मुलाखत झाली. मॅडमनी आपल्या पेपरांच्या यादीत त्या पेपरापुढे हाताने लिहिलं होतं, 'निष्कर्ष चुकीचा. दुरुस्ती पाठवली आहे.' कमिटीतल्या एकाने विचारलं म्हणे, की चुकीचा आहे तर यादीत ठेवलाच कशाला? मॅडम म्हणाल्या, काढला असता तर लपवल्यासारखं झालं असतं. आणि धरला असता तर खोटं झालं असतं. कमिटीने तो मोजला नाही, आणि मॅडमना एक पेपर कमी पडला. हे सगळं त्यांनी मला चहा पिताना, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

खरी गोष्ट मला सप्टेंबरमध्ये कळली. एका जर्नलमध्ये एक पेपर छापून आला. लिहिणारी विदर्भातल्या एका लहान कॉलेजातली मुलगी होती, माझ्यापेक्षाही वयाने कमी. तिने फिल्टर पेपरची ती साधी चाचणी करून आमच्या मॅडमचा निकाल खोडून काढला होता. त्या जर्नलची पद्धत अशी, की रिव्ह्यूअरची हरकत नसेल तर रिव्ह्यूही नावासकट शेजारी छापतात. दुसऱ्या रिव्ह्यूखाली नाव होतं, नीलांबिका बिराजदार, सोलापूर.

मी तो कॉरिडॉरमध्ये उभी राहून वाचला. सुरुवात अशी होती: 'या पेपरात जे काम चुकीचं ठरवलं आहे ते माझं आहे. हे मी वाचायच्या आधी एडिटरना कळवलं होतं. इतरही रिव्ह्यूअर आहेत, तुम्हीही वाचा, असं त्यांनी सांगितलं म्हणून वाचत आहे. माझ्या मताला किती वजन द्यायचं ते एडिटरनी ठरवावं.' पुढे लिहिलं होतं, की मी माझ्या प्रयोगशाळेत हे करून पाहिलं, लेखिकेचं बरोबर आहे, आकडे सोबत जोडले आहेत. मग तिसऱ्या आकृतीच्या अक्षावर मोजमापाचं एकक राहिलंय, एवढी एक दुरुस्ती. आणि शेवटी: 'लेखिकेने चौथ्या पानावर आधीच्या संशोधकांबद्दल "निष्काळजीपणा" हा शब्द वापरला आहे. तो ठेवावा की नाही, यावर मी मत देणं योग्य होणार नाही.'

छापलेल्या पेपरात तो शब्द नव्हता. लेखिकेने तिथे 'एक चाचणी करायची राहिली' असं लिहिलं होतं.

मी स्टोअररूममध्ये गेले. मॅडम रिकाम्या टेबलापाशी बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "वाचलंस वाटतं."

"तुम्हाला एप्रिलपासून माहीत होतं."

"हो."

"मुलाखतीच्या आधी."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "आधी मी वेगळा रिव्ह्यू लिहिला होता. तीन पानं. नमुने कमी आहेत, अमुक मशीनवर तपासा, तमुक रंग घेऊन बघा. ती पोरगी वर्षभर त्यात अडकली असती. कदाचित सोडूनही दिलं असतं. माझी मुलाखत होऊन गेली असती." त्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, वैशाली. स्टुलावर तिला बसवून वाचलं तरी खपलं असतं. म्हणून मला भीती वाटली."

"मग?"

"मग काय. चार ओळी लिहिल्या. तिच्या तिसरी नि चौथी एकमेकींना धरून होत्या. माझ्या नव्हत्या."

पावणेपाच झाले होते. त्यांनी पर्स उचलली आणि निघाल्या.

पुढल्या वर्षी मॅडम असोसिएट प्रोफेसर म्हणूनच निवृत्त झाल्या. जर्नलने त्यांची दुरुस्ती छापली ती त्यानंतर. खाली एक ओळ होती, की एका लेखकाची या दुरुस्तीला संमती नाही. कॉरिडॉरमधली फ्रेम अजून तिथेच आहे. प्राचार्यांचीही नंतर बदली झाली आणि नव्या माणसांना त्या फ्रेमचं काही माहीत नाही. मी दोनदा ती काढायची परवानगी मागितली. मी तासिका तत्त्वावरची, माझ्या अर्जावर शेरा यायला वेळ लागतो.

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याला एका मुलाखतीला गेले होते. झाली नाही ती नीट. परत येताना कुर्डुवाडीला गाडी थांबली. शेजारच्या रुळावर पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती. तिच्या स्लीपरच्या डब्यात, गजांच्या पलीकडे, मला बिराजदार मॅडम दिसल्या.

शेजारी अत्ती बसल्या होत्या. दवाखान्यात नेत असाव्यात, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. अत्ती सारख्या उठायला बघत होत्या. त्यांनी कुठे निघून जाऊ नये म्हणून मॅडमनी आपल्या पदराची त्यांच्या पदराशी गाठ मारली होती. अत्ती उठल्या की पदर ताणला जायचा, मॅडम न बघताच डाव्या हाताने त्यांना खाली बसवायच्या. उजव्या हातात प्रिंट काढलेले कागद होते आणि त्या वाचत होत्या. चष्मा नाकावर आलेला, ओठ हलत होते.

मी गजांना धरून हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्यांनी वर बघितलं. ओळखलं. कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला काहीतरी विचारलं. मधे भोंगा वाजला, मला ऐकू आलं नाही. मी "काय?" असं ओरडले. त्यांनी पुन्हा विचारलं, तेही ऐकू आलं नाही.

त्यांची गाडी हलली. अत्ती पुन्हा उठल्या, मॅडमनी त्यांना बसवलं, गाठ एकदा चाचपून पाहिली आणि पान उलटलं.